लांब पल्ल्याचा फोन: बिलातले आणि कोटेशनमधले शब्द कसे वाचायचे

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात फोन कंपनीचा माणूस कोटेशन ठेवून जातो. त्यावर लिहिलेलं असतं: ‘एक पीआरआय, ३० चॅनल, १०० डीआयडी, एनएलडी अनलिमिटेड एफयूपीसह, आयएसडी ३०/६.’ मालक खालचा आकडा बघतो, थोडी घासाघीस करतो आणि सही करतो. पैसे जातात ते वरच्या ओळीत, आणि ते कळतं तिसऱ्या महिन्याच्या बिलावर.

हे शब्द वाटतात तेवढे अवघड नाहीत. लांबच्या फोनच्या धंद्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तीनपैकी एका प्रश्नाचं उत्तर देतो: कॉल कुठून कुठे गेला, पैसे कोणी कोणाला दिले आणि घड्याळ कोणत्या सेकंदाला सुरू झालं. शब्द समोर आला की तो यातल्या कोणत्या प्रश्नाचा, एवढं आधी ठरवायचं.

सुरुवात नंबरापासून

सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ असं आपण सगळेच म्हणतो. खरा कोड आहे २१७. पुढचं शून्य हा ट्रंक प्रीफिक्स, म्हणजे ‘हा कॉल गावाबाहेरचा आहे, लांबच्या रस्त्याला लाव’ अशी एक्स्चेंजला दिलेली सूचना. एवढा फरक डोक्यात बसला की नंबराच्या निम्म्या चुका आपोआप टळतात.

नियम सोपा आहे. शून्य सोडून कोड आणि नंबर मिळून दहा आकडे झाले पाहिजेत. सोलापूरचा कोड तीन आकडी, म्हणून नंबर सात आकडी. मुंबईचा कोड २२, म्हणून नंबर आठ आकडी. बार्शीचा कोड २१८४, म्हणून नंबर सहाच आकडी. जिल्ह्यातले बाकीचे कोड ओळीनेच लागतात: अक्कलकोट ०२१८१, करमाळा ०२१८२, माढा ०२१८३, बार्शी ०२१८४, माळशिरस-अकलूज ०२१८५, पंढरपूर ०२१८६, सांगोला ०२१८७, मंगळवेढा ०२१८८, मोहोळ ०२१८९. जुन्या वहीतला नंबर लागत नसेल तर आधी दहा आकडे मोजा. नऊ भरले तर बहुतेक वेळा वही त्या काळातली असते जेव्हा नंबर एक आकडा कमी होता. लँडलाइन बीएसएनएलची असेल तर पुढे २ लावून बघा.

या प्रत्येक कोडमागे एक हद्द असते. तिला एसडीसीए म्हणतात, म्हणजे कमी अंतराचं आकारणी क्षेत्र. साधारण एका तालुक्याला एक, असं धरून चाललं तरी चालेल. अशी अनेक क्षेत्रं मिळून एक एलडीसीए, म्हणजे लांब अंतराचं आकारणी क्षेत्र. अंतरावर दर लागत होते तेव्हा ते तुमच्या घरापासून मोजत नसत. दोन क्षेत्रांच्या केंद्रांमध्ये सरळ रेषेत मोजत. रस्त्याचे किलोमीटर सांगून बिलावर भांडणाऱ्यांचा त्यामुळेच कधी निभाव लागला नाही.

आता लेटरहेड तपासा. ‘+९१-०२१७-…’ असं छापलेलं असेल तर ते चूक आहे. अधिक चिन्ह आणि ९१ आले की शून्य गेलं पाहिजे, कारण परदेशातून येणारा कॉल आधीच लांबच्या रस्त्यावर असतो. दुबईच्या खरेदीदाराने छापलेला नंबर जसाच्या तसा फिरवला तर त्याला ‘हा नंबर अस्तित्वात नाही’ असं ऐकू येतं आणि तो पुढच्या पुरवठादाराकडे वळतो. बरोबर रूप ‘+९१ २१७ २…’ असं. उलट बाजूनेही हेच लागू. तिकडच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘+९७१ (०) ४ …’ असेल तर कंसातलं शून्य फक्त दुबईत बसलेल्या माणसासाठी आहे, तुम्ही ते गाळायचं. इटलीच्या लँडलाइनला मात्र हा नियम लागत नाही, तिथलं शून्य नंबराचाच भाग आहे आणि ते ठेवावं लागतं. जगातला कोणताही पूर्ण नंबर, देशाचा कोड धरून, जास्तीत जास्त पंधरा आकडी असू शकतो.

ईपीएबीएक्सवाल्या कार्यालयांसाठी एक खास खोच

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं. घरच्या फोनवर ते सवयीने जमलं. गोंधळ झाला तो ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयाचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज, असलेल्या ठिकाणी. बाहेरची लाइन घ्यायला पुष्कळ ठिकाणी आधीच शून्य दाबतात. आता मोबाइलला फोन करायचा तर ते शून्य आणि पुढे नियमाचं शून्य, अशी दोन शून्यं झाली. मशिनच्या बंदीच्या यादीत ‘०० म्हणजे आयएसडी, बंद कर’ असं लिहिलेलं असेल आणि मशीन लाइन घेण्याचं शून्यही त्यात मोजत असेल, तर मोबाइलचे सगळे कॉल परदेशी समजून अडवले जातात. लाइन चांगली, बिल भरलेलं, तरी एकही मोबाइल लागत नाही.

तपासायचं असं. ईपीएबीएक्स बाजूला ठेवा, साधा फोन थेट बाहेरच्या लाइनला जोडा आणि शून्य लावून मोबाइल फिरवा. लागला तर दोष मशिनच्या यादीत आहे, कंपनीत तक्रार करून उपयोग नाही. मेंटेनन्सवाल्याला सांगून लाइन घेण्याचा आकडा ९ करून घ्या, म्हणजे शून्याला शून्य भिडत नाही. आयएसडीची बंदी ‘९-००’ या क्रमावर लावा आणि ‘९-०’ नंतर ६, ७, ८, ९ आले तर मोबाइल म्हणून सोडा. एसटीडी बंद ठेवायची असेल तर इथे जपून, कारण बंगळुरूचा ‘०८०’ किंवा नागपूरचा ‘०७१२’ मोबाइलसारखा दिसतो. असे कोड सरळ अडवले तर त्याच आकड्यांनी सुरू होणारे मोबाइलही अडकू शकतात. सोपा उपाय म्हणजे आकडे मोजणाऱ्या यादीच्या भानगडीत न पडता एसटीडी मोकळी ठेवायची. आजच्या दरात तिला कुलूप घालून फारसं काही वाचत नाही.

दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये लँडलाइनसाठीही पूर्ण दहा आकडे शून्यासह फिरवण्याची शिफारस केली आहे. ती लागू झाली की सोलापुरातून सोलापुरातही ‘०२१७’ लावावं लागेल. नवं मशीन घेताना विक्रेत्याला विचारून ठेवा की डायल प्लॅन, म्हणजे आकड्यांची ही यादी, बदलायला तो परत पैसे घेणार का.

कॉलचे तीन तुकडे

नवी पेठेतल्या दुकानातून दिल्लीला फोन लावला की त्याचे तीन तुकडे पडतात. तुमच्या फोन कंपनीने कॉल तुमच्याकडून घेतला, तो उगम, धंद्याच्या भाषेत ओरिजिनेशन. कोणीतरी तो सोलापूरहून दिल्लीला नेला, ते वहन, म्हणजे कॅरेज. दिल्लीतल्या कंपनीने तिच्या ग्राहकाची घंटी वाजवली, ते टर्मिनेशन. (टर्मिनेशन म्हणजे फोन कट होणं नव्हे. कोटेशन वाचताना इथे हमखास फसगत होते.) एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे कॉल जिथे सोपवला जातो ती जागा म्हणजे पॉइंट ऑफ इंटरकनेक्ट, बोलताना ‘पीओआय’. संध्याकाळी एकाच कंपनीचे फोन लागतात आणि दुसरीचे ‘सर्व मार्ग व्यस्त आहेत’ म्हणतात, तेव्हा बहुधा ही जागा तुंबलेली असते. तुमची लाइन तपासून तिथे काही सापडणार नाही.

वहनाचं काम करायला वेगळा परवाना असतो. देशांतर्गत असेल तर एनएलडी, देशाबाहेर असेल तर आयएलडी. एनएलडी खासगी कंपन्यांना २००० साली खुली झाली आणि आयएलडीतली विदेश संचार निगमची मक्तेदारी १ एप्रिल २००२ पासून संपली. त्याआधी ‘कंपनी बदलू का’ हा प्रश्नच नव्हता.

आता सर्कल. परवान्यासाठी देशाचे २२ भाग केलेले आहेत, त्यांना एलएसए किंवा साध्या भाषेत सर्कल म्हणतात. सोलापूर ‘महाराष्ट्र आणि गोवा’ या सर्कलमध्ये येतं. मुंबई, नवी मुंबई, ठाणे आणि कल्याण यांचं सर्कल वेगळं. म्हणून नागपूर किंवा पणजीला केलेला फोन सर्कलच्या आतला, म्हणजे इंट्रा-सर्कल. मुंबईला केलेला बाहेरचा, इंटर-सर्कल. आणि शंभरेक किलोमीटरवरच्या विजयपूरला केलेलाही बाहेरचा, कारण ते कर्नाटकात. अंतर आणि सर्कल यांचा काहीही संबंध नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि मंगळवेढ्याच्या सीमेवरच्या गावांत मोबाइल पलीकडचा टॉवर पकडतो, स्क्रीनवर रोमिंग दिसतं आणि लोक घाबरून फोन बंद करतात. आजच्या बहुतेक पॅकमध्ये देशातल्या रोमिंगला वेगळा पैसा नाही. तरी पॅकच्या तपशिलात एकदा पाहून घ्या आणि नेटवर्क निवडणं ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

तुमची फोन कंपनी समोरच्या फोन कंपनीला जे टर्मिनेशनचे पैसे देते त्याला आययूसी म्हणतात. मोबाइलसाठी ते २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे झाले, २०१५ मध्ये १४, ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. अनलिमिटेड पॅक कंपन्यांना परवडतं त्यामागे हे एक मोठं कारण आहे. परदेशातून भारतात येणाऱ्या कॉलवर मात्र टर्मिनेशन अजून लागतं, १ मे २०२० पासून मिनिटाला ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे फसवणुकीच्या भागात तो परत येणार आहे.

पल्स, युनिट आणि घड्याळ

ट्रंक कॉल बुक करायचा, ‘ऑर्डिनरी’, ‘अर्जंट’ की ‘लाइटनिंग’ ते सांगायचं आणि वाट बघत बसायचं, हे दिवस ज्येष्ठांना आठवत असतील. पीपी कॉल म्हणजे विशिष्ट माणूस फोनवर आला तरच बोलणं. ऑपरेटरशिवाय थेट लावता येणारा फोन म्हणजे एसटीडी. देशात तो प्रथम १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान सुरू झाला. आयएसडी १९७६ मध्ये मुंबई-लंडन मार्गावर आली.

एसटीडीबरोबर आला पल्स. एक्स्चेंजमधला मीटर ठराविक सेकंदांनी एक टोला मारायचा, तो एक पल्स, आणि एका पल्सचं एक युनिट. अंतर जितकं जास्त तितका पल्स छोटा, म्हणजे त्याच मिनिटात जास्त टोले. रात्री उशिरा दर पाववर यायचा म्हणून पीसीओच्या पिवळ्या पाट्यांखाली रांगा लागत. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलने देशभर मिनिटाला एक रुपयाची योजना आणली आणि अंतरावरचा दर त्यानंतर लवकरच मोडीत निघाला. पल्स हा शब्द मात्र राहिला. आज पॅकवर ‘पल्स ६० सेकंद’ लिहिलेलं असेल तर ६१ सेकंद बोलल्यावर दोन मिनिटांचे पैसे जातात. ‘१ सेकंद’ असेल तर ६१ सेकंदांचेच.

व्यापारी कोटेशनमध्ये हेच दोन आकड्यांनी लिहितात आणि तिथेच खरी मेख आहे. पहिला आकडा किमान आकारणीचा, दुसरा त्यापुढच्या टप्प्याचा. ३०/६ म्हणजे फोन उचलला की ३० सेकंदांचे पैसे गेले, पुढे दर सहा सेकंदांना एक टप्पा.

समजा आयएसडीचा दर मिनिटाला ६ रुपये आहे आणि कॉल ६१ सेकंदांचा झाला. ६०/६० वर १२० सेकंद धरले जातील, १२ रुपये. ३०/६ वर ६६ सेकंद, ६ रुपये ६० पैसे. १/१ वर ६१ सेकंद, ६ रुपये १० पैसे. आता ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ एवढंच ऐकून ठेवलेला ७ सेकंदांचा कॉल घ्या. त्याचे अनुक्रमे ६ रुपये, ३ रुपये आणि ७० पैसे. ज्यांचे कॉल छोटे असतात, म्हणजे मालाची चौकशी, वाहतूकदार, मार्केट यार्डातले भाव, त्यांनी दरावर घासाघीस करण्याआधी हे दोन आकडे बदलून घ्यावेत. छोट्या कॉलवर मिनिटाला ५ रुपयांचा ६०/६० हा ६ रुपयांच्या १/१ पेक्षा बहुधा महाग पडतो, आणि कितीने ते घरबसल्या काढता येतं. कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे सीडीआर, एक्सेलमध्ये मागवा. सेकंदांच्या रकान्यात प्रत्येक कॉल दोन्ही पद्धतींनी पुढच्या टप्प्यापर्यंत वर ओढून बेरीज करा. एका महिन्याच्या खऱ्या कॉलवर केलेला हा हिशेब विक्रेत्याच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा विश्वासाचा. वर १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका. कारखान्याच्या नावावर नोंदणी क्रमांकासह बिल असेल तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं. व्यक्तीच्या नावावर असेल तर ते हातातून जातं.

‘अनलिमिटेड’ शब्दापुढे एफयूपी, म्हणजे वाजवी वापराची मर्यादा असेल, तर ती मिनिटांत आहे की वेगवेगळ्या नंबरांच्या संख्येत, आणि ओलांडल्यावर कोणता दर, हे दोन्ही लेखी घ्या. घरगुती प्लॅनवर कारखान्याची वसुलीची फोनाफोनी केली तर ‘व्यावसायिक वापर’ म्हणून सेवा थांबवण्याची अट त्यात लिहिलेली सापडते.

किती लाइनी लागतात, हे मोजून ठरवा

इथे थोडं गणित आहे, पण पैसे वाचतात ते इथेच. दिवसातला सर्वांत गर्दीचा तास शोधा. त्या तासात ६० कॉल होतात आणि प्रत्येक सरासरी ३ मिनिटांचा, तर १८० मिनिटं झाली. एका तासाने भागलं की ३. या एककाला अर्लांग म्हणतात. ३ अर्लांग म्हणजे ३ लाइनी पुरतील असं वाटतं, आणि तिथेच चूक होते. कॉल रांगेने येत नाहीत, झुंडीने येतात. ३ लाइनींवर या गर्दीत जवळजवळ ३५ टक्के कॉलना एंगेज मिळेल. ५ लाइनींवर ११ टक्के, ६ वर ५ टक्के, ७ वर २ टक्के आणि ८ वर एका टक्क्याच्याही खाली. साध्या कार्यालयाला ७ पुरेत, ऑर्डर फोनवर येत असतील तर ८ घ्या. त्यापुढच्या लाइनी म्हणजे शोभा.

म्हणून ३० चॅनलच्या पीआरआयचं कोटेशन आलं की आधी स्वतःला विचारा, आपल्याला ८ पुरत असताना ३० कशाला. पीआरआय ही २.०४८ मेगाबिटची एक वाहिनी. तिचे ३२ कप्पे: ३० बोलण्याचे, एक ताळमेळाचा, एक सिग्नलिंगचा, म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याच्या सूचनांचा. डीआयडी म्हणजे प्रत्येक टेबलाला थेट बाहेरचा नंबर. १०० डीआयडी घेतले तरी एका वेळी बोलणारे तीसच. नंबरांची संख्या आणि एकाच वेळच्या कॉलची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विक्रेता त्या एका दमात सांगतो.

पीआरआय बसवताना दोन दोष नेहमीचे. एक, सीआरसी-४ नावाची तपासणी एका टोकाला चालू आणि दुसऱ्या टोकाला बंद राहते. मग लाइन उभीच राहत नाही किंवा सारखी पडते. दोन्ही टोकांना सारखी ठेवायची. दुसरा, घड्याळाचा. मशिनने आपलं घड्याळ कंपनीकडून घेतलं पाहिजे. ते स्वतःच्या घड्याळावर चालत असेल तर बोलताना मधूनमधून ‘टक’ असा आवाज येतो आणि फॅक्स अर्ध्यात तुटतो. केबल बदलून हा दोष जात नाही, सेटिंगमध्ये क्लॉक ‘स्लेव्ह’ करा.

सिप ट्रंक म्हणजे तीच सेवा इंटरनेटच्या भाषेत. चॅनल हवे तितके घेता येतात, ८ म्हणजे ८. आवाज पाठवण्याची पद्धत म्हणजे कोडेक. जी-७११ या कोडेकला एका कॉलमागे, वेष्टनासकट, प्रत्येक दिशेला ८७ किलोबिट लागतात. जी-७२९ ला ३१ च्या आसपास, पण आवाज थोडा दबलेला येतो. ८ कॉल जी-७११ वर म्हणजे ७०० किलोबिट. आजच्या फायबरसमोर हे किरकोळ आहे, मग आवाज का तुटतो? कारण त्याच लाइनवर कोणीतरी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वर चढवत असतो. वेग पुरेसा असतो, पण आवाजाचे तुकडे, म्हणजे पाकिटं (पॅकेट), वेळेवर निघत नाहीत. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य द्या, त्याला क्यूओएस म्हणतात. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर म्हणजे विलंबातली चढउतार ३० च्या आत आणि पाकिटांची गळती एक टक्क्याच्या आत ठेवा. फोन लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, असं झालं तर राउटरमधलं ‘सिप एएलजी’ बंद करून बघा. दहापैकी बऱ्याच वेळा तिथेच मिटतं.

तांब्याच्या जुन्या लाइनीला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्ट मिळायचे, म्हणून गावाची वीज गेली तरी फोन चालायचा. फायबरवरचा फोन तुमच्या भिंतीवरच्या डब्यातून चालतो. वीज गेली की तोही गेला. त्या डब्यासाठी आणि राउटरसाठी छोटा यूपीएस वेगळा ठेवा, कॉम्प्युटरच्या यूपीएसवर भार टाकू नका.

आयएसडी

टॉवेल आणि चादरींचा माल आखातात आणि युरोपात जातो, त्यामुळे इथल्या कार्यालयांत आयएसडी अजून जिवंत आहे. यूएईमध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलवर बराच काळ बंदी राहिली आहे, हेही त्याचं एक कारण. कोड पाठ असलेले बरे: यूएई ९७१, सौदी ९६६, ओमान ९६८, कतार ९७४, कुवेत ९६५, बहारिन ९७३, ब्रिटन ४४, जर्मनी ४९. लँडलाइनवरून आधी ००, मोबाइलवरून अधिक चिन्ह. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे सोलापुरात साडेदहा वाजले की तिकडे नऊ.

दराच्या तक्त्यात एकाच देशाच्या दोन ओळी असतात, लँडलाइन आणि मोबाइल, आणि पुष्कळ देशांत मोबाइलचा दर कितीतरी जास्त. कार्डावर दोन्ही नंबर असतील तर आधी लँडलाइन लावा. परदेशात गेल्यावर लागणारं आंतरराष्ट्रीय रोमिंग ही आयएसडीहून वेगळी चीज. तिथे येणाऱ्या कॉललाही पैसे पडतात.

आयएसडी सगळ्या टेबलांवर उघडी ठेवू नका. ईपीएबीएक्सला बाहेरून फोन करून आतून परत बाहेर जाता येतं, त्या सोयीला डिसा म्हणतात. तिचा पासवर्ड मशिनबरोबर आला तसाच ‘१२३४’ राहिला तर शनिवारी रात्री कोणीतरी आत शिरतं आणि सोमवारपर्यंत महागड्या परदेशी नंबरांवर कॉल चालू राहतात. डिसा वापरत नसाल तर बंद. आयएसडी दोन एक्स्टेन्शनना, तीही पिनसह आणि रात्री आठनंतर बंद. कंपनीकडून महिन्याची खर्च-मर्यादा लेखी लावून घ्या.

दर्जाचे शब्द

मोठ्या वापरासाठी करार करताना चार शब्द येतात. एएसआर म्हणजे लावलेल्या शंभर कॉलपैकी किती उचलले गेले. २०० पैकी ९० उचलले तर ४५ टक्के. हा आकडा एकटा बघू नका. लोक फोन उचलत नाहीत म्हणूनही तो घसरतो. गेल्या महिन्याच्या तुलनेत एकाच देशाचा अचानक पडला तर मार्गात दोष. एसीडी म्हणजे उचललेल्या कॉलची सरासरी लांबी. नेहमी चार मिनिटं चालणारं बोलणं सव्वा मिनिटावर आलं असेल तर आवाज खराब आहे, लोक वैतागून ठेवतायत. पीडीडी म्हणजे शेवटचा आकडा दाबल्यापासून रिंग ऐकू येईपर्यंतचा वेळ. १०-१२ सेकंद लागत असतील तर कॉल बऱ्याच हातांतून फिरतोय. चौथा एफएएस, खोटं उत्तर: तिकडे रिंग वाजतेय पण बिलाचं घड्याळ सुरू झालं. सीडीआरमध्ये न उचललेल्या नंबरांवर काही सेकंदांची आकारणी सापडली तर हेच. चार-पाच नंबर मुद्दाम लावून, न उचलता ठेवून, सीडीआरशी ताडून बघा.

कोणाचा नंबर, कोणाच्या खिशातून

१८०० ने सुरू होणारा नंबर टोल-फ्री, पैसे फोन घेणारा भरतो. १८६० दिसायला तसाच, पण तिथे पैसे तुमचे. १४० ने सुरू होणारे जाहिरातीचे कॉल आणि १६०० ने सुरू होणारे बँका-विमा यांचे सेवेचे कॉल. बँकेच्या नावाने साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी खात्याची माहिती मागितली तर ठेवून द्या.

मिस्ड कॉलचा सापळा अजून चालतो. +१ बघून अमेरिका वाटते, पण +१ ८७६ जमैका, +१ ४७३ ग्रेनाडा, +१ ८०९ डोमिनिकन प्रजासत्ताक. उलट फोन केला की महाग दर लागतो आणि त्याचा वाटा सापळा लावणाऱ्याला जातो.

आता तो ३५ ते ६५ पैशांचा आकडा. परदेशातला भाऊ बोलतोय आणि स्क्रीनवर भारतातला अनोळखी मोबाइल नंबर दिसतोय, तर तो कॉल बहुधा सिम बॉक्समधून आलाय. इंटरनेटवरून कॉल भारतात आणायचा, पेटीतल्या शेकडो सिमपैकी एकावरून स्थानिक म्हणून सोडायचा आणि मिनिटामागचे ते पैसे बुडवायचे. यालाच ग्रे रूट म्हणतात. धोका फक्त बुडालेल्या पैशांचा नाही, बोलणारा कोण हे शोधता येत नाही म्हणून ठगांना हाच मार्ग आवडतो. असा कॉल दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर नोंदवता येतो. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. आणि खोलीभाड्याच्या दुप्पट पैसे देऊन ‘फक्त राउटर आणि सिमची पेटी ठेवायची आहे’ असं कोणी म्हणालं तर जागा देऊ नका, गुन्ह्यात घरमालकाचंही नाव येतं.

कंपनी बदलताना आणि भांडताना

मोबाइल नंबर घेऊन कंपनी बदलता येते. इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘पोर्ट’, मोकळी जागा, आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. आठ अक्षर-अंकी यूपीसी, म्हणजे पोर्टिंगचा कोड, येतो आणि महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. सिम नुकतंच बदलून घेतलं असेल तर सात दिवस कोड मिळत नाही. सर्कलच्या आत तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. लँडलाइनला ही सोय नाही. पीआरआय किंवा ०२१७ चा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही. म्हणून छापील खोक्यांवर, दुकानाच्या पाटीवर आणि परदेशी ग्राहकाकडे गेलेल्या कागदांवर जो नंबर आहे त्याची एक साधी लाइन चालू ठेवा आणि कॉल फॉरवर्ड करून नव्या नंबरावर आणा. फॉरवर्ड केलेल्या टप्प्याचे पैसे तुमच्या खात्यावर पडतात, ते अनलिमिटेडमध्ये धरलेत का ते आधी विचारा.

बिलावर तक्रार असेल तर कस्टमर केअरला सांगून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्या. नंबर नाही तर तक्रार नाही, असंच समजा. दिलेल्या मुदतीत निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जा, तिथे ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सोबत सीडीआरची एक्सेल शीट जोडा, वादग्रस्त कॉल रंगवा आणि प्रत्येकासमोर करारातल्या पल्सने किती पैसे व्हायला हवे होते ते लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालानंतर दूरसंचार सेवेचे वाद ग्राहक आयोगापुढेही चालतात, त्यामुळे जिल्हा आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. तिथेही पहिला कागद मागतात तो डॉकेट नंबराचा.